मुंबईहून कराची किती दूर?

माझ्या आजोबांच्या पुस्तकांच्या पेटीत त्यांच्या शाळेतील भूगोलाचे एक जीर्ण पाठ्यपुस्तक होते. त्यातील मुंबई इलाख्याचा नकाशा मला लहानपणी मोठा चमत्कारिक वाटे. खाली कारवार, मग रत्नागिरी, पुणे, खानदेश, त्यावर गुजरात, येथपर्यंत तो नकाशा ओळखीचा होता. परंतु गुजरातच्या पुढे कच्छ-काठियावाडची संस्थाने वेगळ्या रंगात येऊन जात आणि त्यांच्या पलीकडे पुन्हा इलाख्याचाच रंग सुरू होऊन थेट सिंधूच्या खोऱ्यात वर चढत जाई. एवढ्या लांबचा हा तुकडा आपल्या इलाख्यात कसा, असे मी आजोबांना विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही. शिवणाच्या डब्यातील दोरा आणून त्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे कराचीवर धरायला सांगितले. मग तोच दोरा मुंबईहून दिल्लीकडे फिरवला, तर तो दिल्लीस पोचेना.

दोऱ्याने दाखवलेली ती गोष्ट खरी आहे. विमानाच्या सरळ रेषेने मोजले तर मुंबई ते कराची हे अंतर सुमारे ८८० किलोमीटर, म्हणजे साडेपाचशे मैलांच्या आत भरते. मुंबईहून दिल्ली अकराशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे आणि कलकत्ता सोळाशेंहून अधिक. अरबी समुद्राच्या काठावरील ही दोन बंदरे एकमेकांच्या इतकी जवळ आहेत. हे अंतर गेल्या दीडशे वर्षांत तसूभरही बदललेले नाही. मात्र "मुंबईहून कराचीस पोचण्यास किती वेळ लागतो?" असे कोणी विचारले, तर "कोणत्या साली?" असा उलट प्रश्न करावा लागतो. आजच्या भाषणाचा विषय या उलट प्रश्नाचा इतिहास हाच आहे.

चार्ल्स नेपियरने १८४३ मध्ये सिंध जिंकले आणि चार वर्षांनी, म्हणजे १८४७ मध्ये, तो प्रांत मुंबई इलाख्यास जोडण्यात आला. त्या काळी या दोन शहरांमधला खरा रस्ता समुद्राचा होता. पाण्यावरून हे अंतर सुमारे पाचशे सागरी मैल पडते. ताशी दहा-बारा सागरी मैल कापणाऱ्या आगबोटीस त्यासाठी दोन दिवसांच्या आसपास लागत. पावसाळ्यात समुद्र खवळला म्हणजे या हिशेबात वाऱ्याचाही वाटा धरावा लागे. पुढे आगगाडी झाली, पण ती काही सरळ रेषेत धावली नाही. मुंबईहून अहमदाबाद, तेथून मारवाड आणि लुणी, मग बारमेर आणि थरचे वाळवंट ओलांडून सिंधमधील हैदराबाद आणि अखेर कराची, असा तो वळसा होता. रुळांची रुंदीही वाटेत बदलत असे, त्यामुळे सामानसुमान उचलून गाडी बदलणे आलेच. बोटीने जावे की गाडीने, हा प्रश्न बहुधा वेळेपेक्षा पोटात ढवळणे बरे की डोळ्यांत वाळू जाणे बरे, असाच असावा.

असे असूनही या वाटेवरून माणसे, कागद आणि विचार सतत ये-जा करीत होते. कराचीतील सर्वांत जुन्या सरकारी शाळेला आजही एका मराठी माणसाचे नाव आहे. १८५५ मध्ये स्थापन झालेली ही शाळा नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाने ओळखली जाते. सिंधच्या शिक्षणखात्यात अधिकारी म्हणून काम करताना त्यांनी शाळांच्या प्रसारासाठी आणि सिंधी भाषेच्या लिपीच्या प्रश्नासाठी जे श्रम घेतले, त्यांची ती आठवण. इंग्रजी आद्याक्षरांनी संक्षेप केलेल्या त्या नावामागे कोण गृहस्थ होते, हे आज तेथे शिकणाऱ्या मुलांना क्वचितच ठाऊक असेल. आणि खरे सांगायचे तर महाराष्ट्रातही ते किती जणांना ठाऊक आहे? कराचीत दयाराम जेठमल यांच्या नावाचे महाविद्यालय १८८७ मध्ये निघाले, तेही मुंबई विद्यापीठाशी जोडलेले होते. सिंधी तरुणाच्या पदवीवर मुंबईचा शिक्का असे. सिंधचे स्वतंत्र विद्यापीठ निघण्यास १९४७ साल उजाडावे लागले.

आता विमानाकडे वळू. येथे इतिहासाने मुंबईची थोडी थट्टाच केली आहे. १९२४ च्या डिसेंबरात अपोलो बंदरावरील गेट-वे ऑफ इंडिया या कमानीचे उद्‌घाटन झाले. भारताचे प्रवेशद्वार ते हेच, असे दगडात कोरून ठेवल्यासारखे झाले. जेमतेम साडेचार वर्षे लोटली आणि प्रवेशद्वार चोरपावलांनी कराचीस निघून गेले! ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेजची लंडन ते कराची ही विमानसेवा सुरू झाली. लंडनहून बाझेलपर्यंत विमान, तेथून जिनोआपर्यंत चक्क आगगाडी, पुढे भूमध्य समुद्रावरून अलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणारे विमान आणि मग बगदादमार्गे इराणी आखाताच्या कडेकडेने कराची, असा तो सात दिवसांचा द्राविडी प्राणायाम होता. आगबोटीने येणारी विलायतेची डाक मुंबईस पोचण्यास जवळजवळ दोन आठवडे घेई. तीच आता सात दिवसांत हिंदुस्थानच्या भूमीवर उतरू लागली. परंतु उतरे ती कराचीत.

पश्चिमेकडून येणाऱ्यास कराची हे पहिले मोठे शहर, भोवतालची जमीन सपाट आणि आभाळ वर्षाचे बहुतेक दिवस निरभ्र. वैमानिकास याहून अधिक काय हवे? हॉलंडचे बाताव्हियास जाणारे विमान कराचीवरून जोधपूर, अलाहाबाद, कलकत्ता असे पुढे जाई आणि मुंबईस बाजूला टाकी. ब्रिटिश सरकारने तर कराचीत आकाशनौकेसाठी एक अवाढव्य छपरी आणि तिला बांधून ठेवण्याचा उंच मनोराही उभारला होता. त्या छपरीत राहावयास निघालेली आर-१०१ ही आकाशनौका ५ ऑक्टोबर १९३० च्या पहाटेपूर्वी फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ कोसळून जळाली आणि ४८ माणसे मृत्युमुखी पडली. कराचीच्या छपरीने आकाशनौका अशी कधी पाहिलीच नाही.

विलायतेची पत्रे सात दिवसांत कराचीत येत आणि तेथून मुंबईच्या व्यापाऱ्याच्या पेढीवर पोचण्यासाठी आगगाडीचा तो वाळवंटी वळसा घेत. हजारो मैल आकाशातून आलेले पत्र शेवटच्या साडेपाचशे मैलांसाठी दीड-दोन दिवस खर्ची घाली. नेव्हिल व्हिन्सेंट नावाच्या एका माजी लष्करी वैमानिकाच्या डोक्यात या विसंगतीतून एक योजना आली आणि ती घेऊन तो टाटांच्या दारी गेला. जे. आर. डी. टाटा तेव्हा पंचविशीत होते. १९२९ च्या फेब्रुवारीत वैमानिकाचा परवाना मिळवून ते विमानाने झपाटलेले होते. सर दोराबजींनी भांडवलास मान्यता दिली. सरकारदरबारी मात्र योजना तीन वर्षे रेंगाळली. अर्थसाहाय्य देण्याची सरकारची तयारी नव्हती. शेवटी वाहून नेलेल्या टपालाच्या वजनावर मोबदला घ्यावयाचा, एवढ्यावर टाटांनी करार केला.

१५ ऑक्टोबर १९३२ चा तो दिवस. सकाळी साडेसहाच्या सुमारास कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून एका इंजिनाचे 'पस मॉथ' जातीचे छोटेसे विमान आकाशात चढले. आत जे. आर. डी. एकटे आणि सोबत २५ किलोंच्या आसपास वजनाची टपालाची थैली. रेडिओ नाही, जमिनीवरून वाट दाखविणारे कोणी नाही. होकायंत्र, नकाशा आणि खाली दिसणारी कच्छच्या रणाची पांढरी किनार, एवढाच आधार. विमानाचा वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास, आणि टाकीतील पेट्रोल एका दमात मुंबई गाठण्याचे धाडस करण्याजोगे नव्हे. म्हणून अहमदाबादेस उतरणे भाग होते. तेथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून मैदानात आणले गेले असे सांगतात. त्या दृश्याची कल्पना करून पाहा. विसाव्या शतकातील सर्वांत वेगवान वाहन, आपल्या देशातील सर्वांत संथ वाहनाची वाट पाहत उभे! कराचीहून अहमदाबादेपर्यंत सहाशे किलोमीटर आणि तेथून मुंबईपर्यंत साडेचारशेंच्या आत, असा वळसा घेऊन जे. आर. डी. दुपारी दोनच्या आत जुहूच्या मैदानावर उतरले. पुढचे टपाल घेऊन व्हिन्सेंट बल्लारीमार्गे मद्रासकडे गेला.

म्हणजे दोन दिवसांचे अंतर सात-साडेसात तासांवर आले. त्या प्रवासाबद्दल लिहिताना आपण बहुधा भारतीय विमानवाहतुकीचा जन्म एवढेच सांगतो, आणि ते योग्यच आहे. एअर इंडियाचे मूळ तेथे आहे. मला मात्र त्या घटनेची दुसरी बाजू अधिक मोलाची वाटते. तो प्रवास एकाच इलाख्यातील दोन शहरांमधला होता. मध्ये सीमा नव्हती, पारपत्र नव्हते, जकातनाका नव्हता. उशीर होण्याची कारणे वारा, धुके, पेट्रोल आणि बैल एवढीच होती.

सेवेचा आरंभ अगदी घरगुती थाटाचा होता. दोन विमाने, तीन वैमानिक आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके यंत्रकार. जुहूचे मैदान म्हणजे समुद्रालगतची सपाट चिखलवट. पावसाळ्यात ती पाण्याखाली गेली म्हणजे सगळे बिऱ्हाड पुण्यास हलवावे लागे आणि चार महिने कराचीचे विमान पुण्यास उतरे. असे असूनही पहिल्या पूर्ण वर्षात या विमानांनी सुमारे १,६०,००० मैलांचे उड्डाण केले, जवळजवळ दहा टन टपाल नेले आणि १५५ उतारूही नेले. टपालाच्या थैल्यांवर बसून जाण्यास तयार झालेल्या त्या १५५ माणसांविषयी मला मोठा आदर वाटतो.

याच काळात एक वेगळा वाद रंगात आला होता. सिंध मुंबईपासून तोडावा की नाही, हा तो वाद. तोडावा म्हणणाऱ्यांच्या युक्तिवादात अंतर हा एक प्रमुख मुद्दा होता. सिंध आणि मुंबई यांच्यामध्ये संस्थानांचा मुलूख पसरलेला आहे, राजधानी फार दूर पडते, तेथील राज्यकर्त्यांस सिंधची नड कळत नाही, अशी तक्रार १९१३ च्या कराची काँग्रेसपासून ऐकू येत होती. भाषा, धर्म, जमीनदारांचे आणि व्यापाऱ्यांचे हितसंबंध हे सगळे त्या वादात मिसळलेले होतेच. परंतु दूरपणाची तक्रार खोटी नव्हती. मौज अशी की, १ एप्रिल १९३६ रोजी सिंध स्वतंत्र प्रांत झाला, तेव्हा कराची मुंबईस पूर्वी कधी नव्हती इतकी जवळ आलेली होती. वेळ कमी झाली म्हणून मने जवळ येतात, हा समज तेव्हाही खरा ठरला नाही.

त्यानंतरची दहा वर्षे वेग वाढत गेला. १९३८ मध्ये टाटांची टपालवाट मुंबई-मद्रासवरून कोलंबोपर्यंत लांबली. १९४६ मध्ये टाटांच्या विमानकंपनीचे नाव एअर इंडिया झाले. महायुद्धानंतर स्वस्तात मिळू लागलेली दोन इंजिनांची डाकोटा विमाने आली आणि मुंबई-कराची हे अंतर साडेतीन तासांच्या आसपास आले. सकाळी निघून दुपारच्या जेवणास कराचीत पोचावे, काम उरकून दुसऱ्या दिवशी परत यावे, इतके ते सोपे झाले.

आणि नेमके तेव्हाच १९४७ साल आले.

फाळणीच्या कथा आपण बहुधा पंजाबच्या ऐकतो. सिंधची कथा वेगळी आहे. तेथे सीमा कापत गेली नाही. सिंध अखंड राहिला आणि तेथील बहुसंख्य हिंदू माणूस त्यातून उठला. १९४८ च्या ६ जानेवारीस कराचीत दंगल उसळली. त्यानंतर जाणाऱ्यांची घाई झाली. खोक्रापारवरून वाळवंट ओलांडणाऱ्या आगगाड्या भरल्या आणि कराचीच्या बंदरावर आगबोटींसाठी माणसांची दाटी झाली. पैसा आणि ओळख असलेल्यांना विमानाची जागा मिळाली. बाकीच्यांनी दोन दिवसांचा तो जुना जलमार्ग धरला. पाच-सहा वर्षांपूर्वी लग्नकार्यास किंवा व्यापारास याच बोटीने मुंबईस आलेला मनुष्य आता त्याच धक्क्यावर निर्वासित म्हणून उतरला. अंतर तेच, बोटही कदाचित तीच. फक्त परतीचे तिकीट नव्हते. कल्याणजवळच्या मोकळ्या पडलेल्या लष्करी छावणीत यांतील हजारो कुटुंबांना जागा मिळाली. त्या छावणीचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. आज कल्याणवरून लोकलगाडीने जाताना त्या शहराकडे आपण नुसते पाहून पुढे जातो.

उलट दिशेनेही बोटी भरून जात होत्या. उर्दूचे थोर कथाकार सआदत हसन मंटो १९४८ च्या जानेवारीत मुंबई सोडून बोटीनेच कराचीस गेले आणि तेथून लाहोरास. मुंबईची आठवण त्यांनी जन्मभर सोडली नाही. कोकणातील मुसलमान कुटुंबेही कराचीस गेली आणि आपल्या नावापुढे कोकणी हे विशेषण अभिमानाने लावीत राहिली. काही थोडी मराठी हिंदू कुटुंबे तर कराची सोडून आलीच नाहीत. त्यांचा गणेशोत्सव आजही त्या शहरात होतो.

यानंतर अंतर मोजण्याची मापे बदलली. १९४८ च्या जुलैत पश्चिम पाकिस्तानातून भारतात येणाऱ्यांसाठी परवाना आवश्यक झाला. १९५२ च्या ऑक्टोबरात पारपत्र आले. मधल्या काळात घड्याळेही वेगळी झाली. १९५१ मध्ये पाकिस्तानने आपली घड्याळे अर्धा तास मागे घेतली. घड्याळांच्या बाबतीत आपली मुंबईही काही साधी नव्हती म्हणा. १९०६ मध्ये देशाची प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबईच्या नगरपालिकेने तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली आपली 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सोडली नव्हती. तेव्हा अर्ध्या तासाच्या फरकाने मुंबईकर गोंधळला असेल असे वाटत नाही. पण पुढे जेट विमाने आली आणि हा फरक चांगलाच जाणवू लागला. दीड तासाचा प्रवास. मुंबईहून दहाला निघालेला उतारू कराचीच्या घड्याळात अकराला पोचे, आणि कराचीहून दहाला निघालेला मुंबईच्या घड्याळात बाराला. जाण्यास एक तास आणि येण्यास दोन.

१९६५ च्या सप्टेंबरात युद्ध पेटले आणि आगगाडी, बोट, विमान सगळेच एकदम थांबले. मुनाबाव आणि खोक्रापार यांच्यामधले रूळ वाळूखाली गेले. त्यांवरून उतारूंची गाडी पुन्हा धावण्यास २००६ साल उजाडले आणि २०१९ मध्ये तीही थांबली. ताश्कंद करारानंतर एकमेकांच्या आकाशातून विमाने जाऊ लागली, पण हे सौख्य पाच वर्षेच टिकले. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून निघालेले आपले 'गंगा' हे फोकर विमान पळवून लाहोरास नेण्यात आले आणि तेथे जाळण्यात आले. लगेच ४ फेब्रुवारीस भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले.

या बंदीचा परिणाम मुंबईपेक्षा दुसऱ्याच एका शहरावर झाला, म्हणून थोडे विषयांतर करतो. कराची आणि ढाका ही तेव्हा एकाच देशातील शहरे होती. भारतावरून सरळ गेल्यास त्यांच्यामधले अंतर २,३५० किलोमीटरांच्या आसपास. बंदीनंतर पाकिस्तानी विमानांना भारताच्या द्वीपकल्पास वळसा घालून कोलंबोमार्गे जावे लागू लागले आणि वाट दुपटीहून लांबली. त्या वर्षी पूर्व बंगालमध्ये जे घडले, त्याच्या कारणांत हे अंतर आणणे उथळपणाचे होईल. ती कारणे फार खोल होती. परंतु सैन्य आणि सामग्री नेणाऱ्या प्रत्येक विमानास तो वळसा घालावा लागला, हेही विसरता येत नाही. डिसेंबरात ढाका ही वेगळ्या देशाची राजधानी झाली.

१९७६ च्या जुलैत भारत आणि पाकिस्तान यांमधली विमाने पुन्हा सुरू झाली. पुढची पंचवीस वर्षे, तक्रारी आणि तणाव यांच्या सोबतीने का होईना, मुंबई-कराची हा मार्ग चालू राहिला. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या उड्डाणास पन्नास वर्षे झाली म्हणून, जे. आर. डी. टाटा यांनी जुन्या 'लेपर्ड मॉथ' विमानातून कराचीहून मुंबईपर्यंत पुन्हा एकट्याने उड्डाण केले. वय ७८. नियमित जेट विमान दीड तासात पोचत असताना हा वृद्ध गृहस्थ ताशी शंभर-सव्वाशे मैलांच्या वेगाने, हौसेने, त्याच किनाऱ्यावरून आला आणि जुहूस उतरला.

त्याच मार्गाची दुसरी आठवण काळीज चिरणारी आहे. ५ सप्टेंबर १९८६ रोजी पॅन ॲम कंपनीचे विमान पहाटेपूर्वी मुंबईहून निघाले आणि दीड तासात कराचीत उतरले. तेथे बंदूकधाऱ्यांनी ते ताब्यात घेतले. दीड तासाच्या त्या प्रवासानंतर उतारू धावपट्टीवर सुमारे सोळा तास अडकले. रात्री गोळीबार झाला आणि वीसहून अधिक माणसे मेली. त्यांत नीरजा भनोत होती. दारे उघडून इतरांना बाहेर काढणारी ही मुंबईची मुलगी तेविसाव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी गेली. भारताने तिला अशोकचक्र दिले आणि पाकिस्ताननेही तिचा मरणोत्तर सन्मान केला. दोन्ही सरकारांनी एकाच व्यक्तीस गौरवावे, असे या दोन शहरांच्या वाट्यास फार थोड्या वेळा आले आहे.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो, कारण ती बंद होण्याची आणि उघडण्याची यादीच आहे. १९९४ च्या अखेरीस कराचीतील भारताची वकिलात बंद झाली. त्याचा अर्थ असा की, मुंबईस येऊ इच्छिणाऱ्या कराचीकरास प्रवेशपत्रासाठी आपले पारपत्र प्रथम इस्लामाबादेस, म्हणजे अकराशे किलोमीटर उलट दिशेस, पाठवावे लागू लागले. मुंबईपेक्षा इस्लामाबाद त्याला लांब! संसदेवरील हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून दोन्ही देशांनी आकाश बंद केले. ते दोन वर्षांनी, १ जानेवारी २००४ रोजी, उघडले. विमाने पुन्हा आली, पण उतारू कमी कमी होत गेले. प्रवेशपत्रच मिळेना, तर आसने कोणी भरावी? २०१७ मध्ये कराची-मुंबई हे पाकिस्तानी विमानकंपनीचे उड्डाणही थांबले. २०१९ च्या फेब्रुवारी ते जुलैपर्यंत पाकिस्तानचे आकाश आपल्या विमानांना बंद होते. २०२५ च्या एप्रिलअखेर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना पुन्हा दार लावले.

सरळ विमान थांबल्यावर ज्यांना जाणे भागच होते, कोणाची बहीण तेथे, कोणाचा मामा येथे, त्यांनी दुबईची वाट धरली. मुंबई ते दुबई सुमारे १,९३० किलोमीटर आणि दुबई ते कराची सुमारे १,१९० किलोमीटर. दोन्ही मिळून ८८० किलोमीटरांच्या अंतरासाठी ३,१०० किलोमीटरांहून अधिक प्रवास. आकाशात पाच तास आणि दुबईच्या दिवाणखान्यासारख्या विमानतळावर पुढच्या विमानाची वाट पाहण्यात जातील तेवढे तास. १९३२ मध्ये पस मॉथला लागलेल्या वेळेहून हा प्रवास बहुधा लांबतो. अहमदाबादचा मुक्काम आणि बैलगाडी धरूनसुद्धा.

या प्रवासात उतारूस घड्याळ दोनदा फिरवावे लागते. दुबईत उतरताना दीड तास मागे, आणि कराचीत उतरताना एक तास पुढे. मग हिशेब पूर्वीइतकाच उरतो: मुंबईहून अर्धा तास मागे.